बेटानं काय करायला हवं होतं

सरांना काही वाटतच नव्हतं, ही खरी पंचाईत होती.

वाटायला हवं, हे त्यांना कळत होतं. बायको जिवावर बेतेल इतकी आजारी आहे हे कळून तीन आठवडे होऊन गेले, तर माणसानं रडावं, कुढावं, निदान जेवणावरची वासना तरी उडावी. सरांची कसली उडते! ते दोन्ही वेळा पोटभर जेवत होते, पाठ टेकली की घोरत होते आणि सकाळी दाढी करताना एकदाही गाल कापला नव्हता. एके दिवशी भाजीत मीठच नव्हतं. बायकोनं पहिला घास घेतला आणि "अगंबाई!" म्हणून कपाळाला हात लावला. तोवर सरांची वाटी रिकामी झाली होती.

"अहो, सांगायचं तरी!"

"मला वाटलं, अशीच केली असशील."

"अशीच कशाला करेन? तुम्हाला काय पथ्यावर ठेवलंय?" असं म्हणून ती हसत सुटली. सरही हसले. हसता येत होतं, तेवढं त्यातल्या त्यात बरं होतं.

सर ज्या संस्थेत शिकवत, तिथं परराष्ट्र खात्यात नव्यानं लागलेले अधिकारी वर्षभर प्रशिक्षणाला असत. पुढं दूतावासांत जायची ही मुलंमुली. त्यांना कुणी करारांचा मसुदा शिकवी, कुणी परकी भाषा, कुणी जेवणाच्या टेबलावर काटा कुठल्या हातात धरायचा ते. सरांच्या वाट्याला आला होता आंतरराष्ट्रीय राजकारणाचा सिद्धान्त, आणि तो सबंध विषय त्यांनी एका जुन्या ग्रीकाच्या खांद्यावर उभा केला होता. हा ग्रीक मूळचा सेनापती. एक शहर वाचवायला वेळेवर पोचला नाही, म्हणून त्याच्याच लोकांनी त्याला हद्दपार केलं. मग बाहेर बसून तो आपल्याच लोकांच्या युद्धाचा इतिहास लिहीत राहिला. देवांच्या कोपावर त्यानं काही ढकललं नाही. कुणाची काय तक्रार होती ते लिहिलं, खरं कारण काय होतं तेही लिहिलं, आणि दोन्ही वेगवेगळं ठेवलं. तक्रारी सगळेच बोंब मारून सांगतात. खरं कारण तोंडातून कुणी काढत नाही. ते एवढंच, की एकाचं बळ वाढलं आणि दुसऱ्याच्या पोटात भीतीचा गोळा आला.

"अडीच हजार वर्षांत झेंडे बदलले, जहाजं बदलली, माणूस काही बदलला नाही," सर वर्गात म्हणायचे. "म्हणून याला नुसता इतिहास म्हणू नका. हा सिद्धान्त आहे." पोरं आपसात म्हणायची, एवढं पानंच्या पानं वाचायला कशाला लावतात? चार शब्दांचं तर काम आहे. बळी तो कान पिळी.

या विषयात सरांचा एक ठेवणीतला तास होता. त्याला सगळी संस्था 'बेट' म्हणायची. गोष्ट अशी: अथेन्स नावाचं बलाढ्य शहर जहाजं घेऊन एका लहानशा बेटावर आलं. बेट बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात. अथेन्सचे दूत म्हणाले, आमच्या बाजूला या, खंडणी भरा आणि सुखानं जगा. नाहीतर परिणामांना तयार राहा. बेटाचे पुढारी म्हणाले, न्याय आमच्या बाजूनं आहे, देव पाठीशी आहेत, आणि आमचे स्पार्टाचे भाऊबंद आम्हाला असे टाकणार नाहीत. भाऊबंद आले नाहीत. वेढा पडला आणि हिवाळ्यात बेटही पडलं. पुरुष कापले गेले, बायकापोरं गुलाम म्हणून विकली गेली.

सर वर्गाचे तीन भाग करत. काही जण दूत, काही जण पुढारी. हे दोघे खोलीत दार लावून बसायचे आणि वाटाघाटी करायचे. जे उरतील ते 'लोक'. लोकांना काम नसे. त्यांनी बाहेरच्या बाकांवर बसायचं, चहा प्यायचा आणि आत काय ठरलं ते शेवटी ऐकायचं. 'लोक' व्हायला मिळावं म्हणून पोरांत मारामारी, कारण त्यात अभ्यास नाही. पुढाऱ्यांनी लढायचं ठरवलं की सर मार्क कापायचे आणि कागदाच्या कडेला लाल शाईनं लिहायचे, 'आशा म्हणजे फौज नव्हे.' मान तुकवणाऱ्यांना भरघोस मार्क. वर्षानुवर्षं हेच. मुलं बदलत, शेरा तोच.

सरांची बायको मात्र या ग्रीकाला फारशी भीक घालत नसे. ती तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. सगळी वस्ती तिला 'कोच' म्हणायची, दूधवालासुद्धा "कोच, आज अर्धा लिटर जादा देऊ का?" असं विचारायचा. सरांना पोहता येत नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण घोट्याच्या वर पाणी आलं की यांना आंघोळीची आठवण होते, असं ती चारचौघांत सांगायची आणि सर निमूट ऐकून घ्यायचे.

मध्यंतरी तिचं पोट दुखायला लागलं, वजन उतरलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन सर्जनकडे गेले तेव्हा बरोबर तिचा थोरला भाऊही होता. त्याचं औषधांचं दुकान होतं, म्हणून घरातल्या प्रत्येक दुखण्यात त्याला मान. सर्जननं रिपोर्ट चाळले, वर बघितलं आणि फार गोड आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का? मी यांच्याशी बोलतो."

ती बाहेर जाऊन बसली. आत सर, मेहुणा आणि परदेशातून फोनवर लेक. सर्जननं स्वच्छ सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन मोठं आहे. टेबलावरून उठतीलच असं नाही. उठल्या तर कदाचित एखाद-दोन वर्षं, त्यातले बरेच महिने दवाखान्यात. ऑपरेशन केलं नाही तर थोडे महिने, पण त्यातले सुरुवातीचे चालते-फिरते. "सध्या त्यांना हवं ते करू द्या," तो म्हणाला. "खाऊ द्या, फिरू द्या. पोहतात म्हणालात ना? पोहू द्या."

"बाबा, आपण लढायचं," लेक फोनवर रडत रडत म्हणाली.

"लढायचंच!" मेहुण्यानं मांडीवर थाप मारली. "आमची बहीण आहे ती. हार मानणाऱ्यातली नाही."

"त्यांना किती कल्पना द्यायची?" सर्जननं विचारलं.

"काहीच नको. हाय खाईल ती," मेहुणा म्हणाला.

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सर सर्जनच्या टेबलावरच्या दिव्याकडे बघत होते. त्याचा एक स्क्रू ढिला होता आणि तो कुणीतरी पिळून घट्ट करावा, एवढीच एक गोष्ट त्यांच्या डोक्यात चालली होती. "करू या ऑपरेशन," ते म्हणाले. आपलाच आवाज त्यांना शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

बाहेर आले तर ही बाई कुणाच्या तरी रडणाऱ्या पोराला गाल फुगवून श्वास कसा धरायचा ते शिकवत होती. पोराच्या डोळ्यांत पाणी तसंच होतं, पण रडणं थांबलं होतं.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"साधी गाठ आहे. काढून टाकायची."

"हात्तिच्या! त्यासाठी मला बाहेर काढलं होय?"

"तोवर दगदग नको. पाण्यात उतरू नकोस."

हे शेवटचं सर्जन म्हणाला नव्हता. ते सरांनी आपल्या पदरचं घातलं, कारण साधं दुखणं असलं तरी थोडं पथ्य असतंच, आणि पथ्य सांगितलं की दुखणं साधं वाटतं. तिची मुलांची तुकडी तेव्हा कंबरभर पाण्यातून खोल पाण्यात जायच्या बेतात होती. तिनं कुरकुरत ती दुसऱ्या शिक्षिकेच्या हवाली केली आणि घरी बसली. बसून बसून कंटाळली, कपाटं आवरली, पडदे धुतले. हळूहळू जिना चढताना तिला धाप लागायला लागली. सरांना ते दिसत होतं. दिसायचं आणि आत कुठंही लागायचं नाही, पालथ्या घड्यावर पाणी.

ऑपरेशनसाठी दाखल व्हायच्या आदल्या दिवशी नेमका 'बेटा'चा तास आला. सुटी घ्या, म्हणून संचालक म्हणाले होते. सरांनी घेतली नाही. घरी बसून काय करणार?

त्या दिवशी पुढाऱ्यांचा म्होरक्या होता एक तावातावानं बोलणारा मुलगा. वर्गात त्याला सगळे 'वकील' म्हणत. दूतांचं एकही म्हणणं त्यानं धड पुरं होऊ दिलं नाही. "आज मान तुकवली तर उद्या आरशात तोंड कसं बघायचं?" तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "बेट लढणार!" बाकीच्या पुढाऱ्यांनी बाकं वाजवली. सरांनी सवयीनं लाल पेन काढलं. मग दार उघडून त्यांनी बाहेरच्यांना आत बोलावलं.

लोक चहाचे कप हातात घेऊन, खिदळत आत आले. पुढं होती एक चष्मेवाली मुलगी. "सर, एक छोटीशी भानगड झालीय," ती म्हणाली. "आम्हाला बाहेर कंटाळा आला, म्हणून आम्ही मतदान घेतलं. बेट शरण गेलंय."

वर्ग खो खो हसला.

"तुम्हाला मत नाही," सर म्हणाले.

"तेच तर ना सर! कापले जाणार आम्ही, विकले जाणार आम्ही, आणि चहा पीत बाहेर बसायचं पण आम्हीच?"

"अगं, आम्ही तुमच्या भल्यासाठीच—" वकील मध्ये पडला.

"भल्यासाठी मारतोस होय रे? उपकार झाले बाबा!"

पुन्हा हशा. सरांकडे यावर तयार उत्तर होतं. त्यांनी ते दिलं. या सिद्धान्तात राज्य म्हणजे कॅरमची सोंगटी. सोंगटी सोंगटीवर आपटते, एक कोपऱ्यात जाते. सोंगटीच्या पोटात काय आहे ते खेळणारा बघत नाही, बघायला लागला तर खेळच होणार नाही. मुलं लिहून घ्यायला लागली.

चष्मेवालीनं लिहून घेतलं नाही. "पण सर, या ग्रीकानं वाटाघाटी सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवलंय ना, की पुढाऱ्यांनी दूतांना लोकांसमोर जाऊ दिलं नाही? दार लावून मोजक्यांपुढं बोलायला लावलं म्हणून? सोंगटीच्या पोटात बघायचंच नव्हतं, तर हे त्यानं लिहिलं कशाला?"

ते वाक्य सरांना पाठ होतं. दरवर्षी ते तिथं थांबून म्हणायचे, बेटावर मोजक्या लोकांचं राज्य होतं याची ही नोंद, पुढं चला. आजही तेच म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर सर्जनची खोली आली. मेहुण्याची मांडीवर पडलेली थाप, फोनमधलं लेकीचं रडणं आणि 'हाय खाईल ती'. दूत तर बोलायला तयार होता. त्यानं विचारलंही होतं, किती सांगायचं म्हणून. त्याला दारात अडवलं कुणी? त्या खोलीत एकजण असा होता, की ज्याच्या नुसत्या 'थांबा' म्हणण्यानं सगळं थांबलं असतं, आणि तो दिव्याचा स्क्रू बघत बसला होता.

"सर, बरं वाटतंय ना?" कुणीतरी विचारलं.

"आज इथंच थांबू," सर म्हणाले. लाल पेनाचं टोपण त्यांना सापडेना. ते तसंच खिशात घालून ते निघाले आणि घरी पोचेपर्यंत शर्टावर हा एवढा डाग पडला.

"शाब्बास!" बायको दार उघडताच म्हणाली. "मी घरात नसले की तुमचं काय होणार, ते मी असतानाच दिसायला लागलंय. काढा तो शर्ट."

पलंगावर तिची बॅग उघडी होती. टॉवेल, गाऊन, कंगवा. शर्ट भिजत घालता घालता तिचं सुरूच होतं. गॅस रात्री खालून बंद करायचा. मोलकरणीला दुपारी नाही, सकाळीच यायला सांगितलंय. फ्रिजमध्ये चार दिवसांचं आहे. पहिल्याच दिवशी सगळं गरम करून ठेवू नका. "आठवड्याभरात येतेच आहे मी, पण तुमचा काही भरवसा नाही."

"जरा बस," सर म्हणाले.

"बसते हो, एवढ्या घड्या—"

"बस गं. ती गाठ साधी नाही."

मग त्यांनी सांगितलं. वर्गात सांगावं तसंच सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीनं सांगायची सवयच नव्हती. पहिला पर्याय, त्यातला धोका, त्यातून मिळणारा काळ. दुसरा पर्याय, त्यातला काळ. कॅन्सर हा शब्दसुद्धा त्यांनी न अडखळता उच्चारला. सांगून झाल्यावर बघतात तर ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि अर्धी घडी घातलेला टॉवेल तिच्या मांडीवर तसाच होता.

"कधी कळलं हे?"

"रिपोर्ट दाखवले त्या दिवशी."

"मला बाहेर बसवलं तेव्हा."

"हो."

"दादाला माहिती आहे?"

"हो."

"आणि पोरीला?"

"तिलाही."

"म्हणजे मला सोडून सगळ्या गावाला." तिनं टॉवेल बाजूला ठेवला. "काय हो, तुमचा चेहरा इतका कोरा होता! मी मनात म्हटलं, या माणसाला साधा वाढदिवससुद्धा लपवता येत नाही. तो इतका शांत जेवतोय, झोपतोय, म्हणजे खरंच काही नसणार. तुमच्या घोरण्यावर विश्वास ठेवला मी."

सरांनी तो टॉवेल उचलला आणि त्याची उरलेली घडी घातली.

"का नाही सांगितलंत?"

"तुला धक्का बसेल म्हणून."

"ही झाली तक्रार." इतकी वर्षं त्या ग्रीकाचं कीर्तन तिनंही ऐकलं होतं, घरात दुसरं ऐकायला होतं काय? "खरं कारण सांगा."

सरांना ते शोधावं लागलं. आपल्याच घरात काळोखात दिव्याचं बटण चाचपावं, तसं. "घाबरलो मी," ते म्हणाले. "तू ऑपरेशन नको म्हणशील, म्हणून घाबरलो. तुला विचारलंच नाही तर तू नाही म्हणू शकणार नाहीस."

"बरं केलंत, खरं तरी बोललात." मग तिनं जे विचारलं, त्याची सरांना मुळीच अपेक्षा नव्हती. "डॉक्टर पोहण्याचं काय म्हणाले होते?"

सरांनी मान खाली घातली. "पोहू द्या म्हणाले होते."

आतापर्यंत ती शांत होती. कॅन्सर म्हटल्यावर जो आवाज निघाला नव्हता, तो आता निघाला. "अहो! माझी पोरं खोल पाण्यात जायची होती हो! एक पोरगी तर माझं बोट सोडत नव्हती, तिला मी शब्द दिला होता, की तू उतरशील तेव्हा मी पाण्यात खाली असेन म्हणून. बघवणार नाही म्हणून मी काठावरसुद्धा गेले नाही. तेव्हा माझ्यात जोर होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होते मी. आणि तुम्ही मला पडदे धुवायला बसवलंत! आता पायऱ्या चढले तर फुप्फुसं बाहेर येतात." तिचा श्वास खरंच लागला होता. तो खाली येईपर्यंत ती थांबली. "मरणाचं मला काही सांगू नका. मरतात सगळेच. पण ते दिवस माझे होते. ते खाल्लेत तुम्ही, तिघांनी मिळून. पोटभर खाल्लेत."

सर ऐकत होते. त्यांना वाटलं, आता तरी आत काहीतरी हलावं. नाही हललं.

"ऑपरेशन नाही करायचं," ती म्हणाली.

"अगं, असं एकदम... आपण लढायचं ठरवलंय."

"कुणी? टेबलावर कोण आडवं होणार आहे? दादा?"

"एक-दोन वर्षं मिळू शकतात."

"मिळू शकतात! आणि नाही मिळाली म्हणजे? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जन्मभर त्या बेटाला अक्कल शिकवलीत. लढायचं म्हणाली म्हणून लोकांच्या पोरांचे मार्क कापलेत. सांगा ना आता मला. बेटानं काय करायला हवं होतं?"

"मान तुकवायला हवी होती," सर म्हणाले. दुसरं उत्तर त्यांना येतच नव्हतं.

"मग मी तेच करतेय."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

सर उठले, पुन्हा बसले. पुस्तकातलं काहीतरी सापडेल म्हणून त्यांनी मनातल्या मनात पानं उलटून पाहिली, बळ, भीती, लाभ, सगळं उलटून पाहिलं. मग ते म्हणाले, "त्या बेटावर तू नव्हतीस."

तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला. राग गेला आणि त्या जागी जे आलं ते रागाहून बघायला कठीण होतं.

"कुणीतरी असणारच की हो तिथं," ती म्हणाली. "घराघरात एकेक असणार."

आणि सरांना रडू फुटलं. लहान पोराला फुटतं तसं, नाकातोंडातून. त्यांना ती बाकं दिसत होती, बाहेर चहा पीत बसलेली माणसं दिसत होती. ज्या बायकापोरांचं विकलं जाणं ते दरवर्षी एका वाक्यात उरकायचे आणि फळा पुसायचे, त्यांतल्या प्रत्येकीच्या नवऱ्यानं तिच्याकडे कसं पाहिलं असेल, ते पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं. आणि ही मरणार होती. हीच, भाजीत मीठ विसरणारी, त्यांच्या घोरण्यावर विश्वास ठेवणारी. ती मरणार होती आणि ते त्यांना मुळीच, मुळीच चालणार नव्हतं.

तिनं त्यांना जवळ घेतलं नाही. शेजारी बसून राहिली. "रडून घ्या," ती म्हणाली. "माझं अजून व्हायचंय. दोघं एकदम नको."

बऱ्याच वेळानं सरांनी भिजत घातलेल्या शर्टाकडे बघत नाक पुसलं. "मी कळवतो डॉक्टरांना," ते म्हणाले. "सांगतो, की आमचं असं असं ठरलंय..."

"तुम्ही काही कळवू नका. नंबर लावून द्या नुसता. माझं अजून पक्कं काही ठरलेलं नाही. आधी विचारणार आहे मी."

"काय?"

"जे तुम्ही तिघांनी विचारलं नाहीत ते. दुखणार किती. कधीपासून. पाण्यात किती दिवस उतरता येईल. मग ठरवेन."

सरांनी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं केस मागे सारले, घसा साफ केला, पाठ ताठ केली. सरांना आत खोल कुठंतरी इतकं दुखलं, की त्यांनी पलंगाची कड धरली.

"हॅलो, डॉक्टर का? मी पेशंट बोलतेय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, आहेत ना, इथंच बसलेत," ती म्हणाली. "पण मरणार मी आहे ना, डॉक्टर? मग माझ्याशी बोला."